रंग कोणता

डेस्मंड बॅलंटाइन माझ्यापुढे यादी सरकवतो,
तीन पानं, चकचकीत.
तो गाडी पुढून दाखवतो, जाळीपासून.
मी गाड्या पोटाकडून ओळखतो,
उलट्या, प्रिन्स अल्बर्टच्या बाहेर, खंदकात,
विंचच्या हुकाला कण्हत कण्हत वर येताना.
सव्वीस हिवाळे.

दारिया एकोणीसची. सप्टेंबरपासून सास्कटूनला, नर्सिंगला,
दर शुक्रवारी घरी.
म्हणजे एकशे चाळीस किलोमीटर, रविवारी तेवढेच परत,
आणि मधे हरणं, ज्यांना
शुक्रवार-रविवार काही कळत नाही.

पडद्याच्या एअरबॅगा मागेही हव्यात, मी म्हणतो.
मागे कोण बसणार, दारिया विचारते.
कुणीतरी बसतंच.
चेपलेल्या दारातून मी पाहिलाय तो पडदा,
दोरीवरून निसटलेल्या चादरीसारखा ओघळलेला,
आणि त्याच्यामागे माणूस, शिव्या देत.
शिवी ऐकू आली
की मला फार बरं वाटतं.

आपोआप लागणारा ब्रेक. बर्फावर त्याचं काय चालतं?
'टायर धरतील तेवढंच,' डेस्मंड म्हणतो.
खरं बोलला. तिथपासून मी त्याचं ऐकायला लागलो.
रेषा ओलांडली की स्टिअरिंग थरथरतं म्हणे.
रेषा दिसली तर.
आमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्याला रेषा नसते,
अंदाज असतो.
पण पॅकेजात येतंय, तर येऊ दे.

सनरूफवर आमचं जुंपलं.
'रात्री उत्तरेचा उजेड दिसेल, तातु.'
तो बघायचा तर गाडी थांबव, खाली उतर, मान वर कर,
फुकट आहे.
सनरूफच्या पैशांत चार हिवाळी टायर येतात,
हा हिशेब मी तिलाच करायला लावला.
तिने केला. पेन जरा जोरात ठेवलं.
चामड्याच्या सीटा तिने स्वतःच खोडल्या,
माझ्याकडे न बघता.

मग ती म्हणाली, पांढरी.
मोतिया पांढरी, पान तीन, वरून दुसरी.

घरी मी कामाचं बोलत नाही.
जेवताना विचारलं कुणी तर सांगतो, एक होती, काढली.
त्या दिवशी, शोरूममध्ये, कॉफीच्या यंत्राजवळ उभं राहून
सांगितलं:
जानेवारी. वारा आडवा. पांढरी सेडान.
किलोमीटर बरोबर होता, खंदक बरोबर होता,
आणि मी टॉर्च घेऊन चाळीस मिनिटं चालत होतो.
दोनदा तिच्यापासून हातभर अंतरावरून गेलो.
सापडली ती वायपरच्या आवाजाने,
काचेवर नाही, बर्फावरच घासत होता बिचारा.
आत एक बाई. पाय अडकलेला.
मी दार उघडल्यावर ती फक्त म्हणाली,
'इतका वेळ?'

डेस्मंडने कप खाली ठेवला.
दारियाने रंगांचं पान पुन्हा उघडलं, बोट फिरवत राहिली,
पांढरा, चंदेरी, धुक्याचा राखाडी,
या सगळ्या रंगांची नावं ठेवणारा
कधी बर्फात राहिला नसावा.
'लाल दोन आहेत,' ती म्हणाली.
भडक कोणता?
'हा. हसतील सगळे.'
हसू देत. हसायला आधी दिसावी तर लागते.

गाडी आली. आगीच्या बंबासारखी आहे.
आमच्या अंगणात ती उभी असली
की शेजारचा ओरेस्ट दोन्ही हात डोळ्यांवर धरतो.
मी सगळं घेतलं, जे यादीत होतं आणि परवडत होतं.
जे नव्हतं, ते डेस्मंडकडेही नव्हतं,
मी विचारलं नाही.

रात्री वर्लीनचा फोन येतो, डिस्पॅचवरून.
सव्वीस वर्षं मी पहिलं विचारायचो,
कितव्या किलोमीटरला?
आता तोंडातून आधी दुसरंच निघतं.
वर्लीन कागद चाळते. तिला वाटतं
म्हातारा शोधायचं सोपं करतोय.
तेवढ्यात माझा एक बूट पायात गेलेला असतो.
'राखाडी,' ती म्हणते.
मग मी दुसरा घालतो.